घड्याळ किती चुकतं, आणि कोणत्या युनिटमध्ये?

विठ्ठलवाडीला आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आईने मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलंय. लोकल चुकू नये म्हणून! आता हे घड्याळ चुकीचं आहे का? आहे. वाईट आहे का? मुळीच नाही. ऑसिलेटरची डेटाशीट वाचताना आपल्यापैकी बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो तो इथेच.

पाच मिनिटं ही वेळेतली चूक. तिचं युनिट मिनिट किंवा सेकंद, विषय संपला. पण समजा, हे घड्याळ रोज आणखी दोन सेकंद पुढे पळतं. ही वेगातली, म्हणजे फ्रिक्वेन्सीतली चूक. दिवसाचे ८६,४०० सेकंद. २ भागिले ८६,४०० केलं की सेकंदाला सेकंद कटतो आणि नुसता आकडा उरतो, दहा लाखात सुमारे २३. हेच २३ पीपीएम. पीपीएम हे खरं तर युनिट नाहीच, टक्क्यासारखं प्रमाण आहे. त्याचा फायदा बघा : २० पीपीएम म्हणजे घड्याळातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलला ०.६६ हर्ट्झ, तर १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला २०० हर्ट्झ. पण वेळेत दोघांची चूक सारखीच, दिवसाला १.७ सेकंद.

आता खरी गंमत, स्टॅबिलिटी. रोज न चुकता दोनच सेकंद पळणारं घड्याळ स्टेबल आहे, कारण ती चूक वजा करता येते. आज दोन, उद्या तीन, परवा एक असं झालं की पंचाईत! हे मोजायला नेहमीचं स्टँडर्ड डेव्हिएशन कामाचं नाही. ऑसिलेटरमधल्या काही नॉइजमुळे जितका जास्त वेळ मोजाल तितकं ते वाढतच जातं. म्हणून १९६६ मध्ये डेव्हिड अ‍ॅलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगळी रीत मांडली : फ्रिक्वेन्सीची ठराविक वेळाची सरासरी घ्या, आणि लागोपाठच्या दोन सरासऱ्यांमधल्या फरकावरून हिशोब करा. उत्तराला युनिट नाही, पण सरासरी किती सेकंदांची ते सांगितलं नाही तर तो आकडा व्यर्थ. एका सेकंदाला दहाचा मायनस अकरावा घात देणारं रुबिडियम घड्याळ (‘घात’ हा शब्द मला, कॉन्व्हेंटवालीला, बारावीनंतर कळला!) शंभर सेकंदांना साधारण मायनस बारावा देतं. घड्याळ तेच.

एवढ्या बारीक आकड्यांनी काय फरक पडतो? फ्रिक्वेन्सीत मायनस अकराव्या घाताइतकी चूक दिवसभर राहिली तर ०.८६ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाश सुमारे २६० मीटर जातो, जवळजवळ बारा डब्यांची लोकल! दिशादर्शक उपग्रह अंतर मोजतो ते वेळेवरूनच, म्हणून जमिनीवरून त्याच्या घड्याळाला दुरुस्ती पाठवत राहावं लागतं, आणि घड्याळ स्टेबल असेल तरच ती लागू पडते. घड्याळच बंद पडलं तर दुरुस्ती कशाला करणार? आपल्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याचं जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालं. ती परदेशातून आणलेली होती. २९ मे २०२३ ला सुटलेल्या एनव्हीएस-०१ वर मात्र पहिल्यांदाच भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ गेलं.