शिबिरातील शेगडी

शिबिरासाठी शेगडी निवडताना तिची तकाकी पाहू नये. डब्यात कोणता वायू भरला आहे, ते पाहावे. सह्याद्रीत ब्यूटेनवर पिठले सुखाने शिजते. परंतु हिमालयात, पारा शून्य अंशाखाली उतरला, की द्रवरूप ब्यूटेनचा वायू होणे जवळजवळ थांबते. डबा भरलेला असूनही ज्योत मालवते! प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. मग निव्वळ प्रोपेनच का नेऊ नये? त्याचा दाब फार. त्याला जाड पोलादी टाकी लागते, आणि ती पाठीवर वाहणार कोण? म्हणून गिर्यारोहक दोहोंचे मिश्रण असलेला हलका डबा पसंत करतात. मात्र मुलांनो, थंडी कितीही बोचरी असो, तंबूत शेगडी पेटवू नका. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास.