भिगवणचे गुलाबी पाहुणे आणि होडीची मर्यादा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले, की इंदापूर तालुक्यातील भिगवण लागते. बारामतीहून तर ही वाट तासाभराचीही नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेचे पाणी अडवले आणि त्याचा फुगवटा थेट इथवर पसरला. अनेक गावे उठली, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. आज त्याच पाण्यावर हिवाळ्यात पक्षिप्रेमींची गर्दी होते.

कुंभारगाव व डिकसळ येथील मच्छीमार पहाटे पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. मुख्य आकर्षण अर्थातच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मात्र धरण तुडुंब असताना ते सहसा दिसत नाहीत. पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडली, की ते चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात आणि त्यातील शेवाळ व सूक्ष्म जीव खातात. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. म्हणून थव्यांच्या आगमनाचा खरा पंचांग म्हणजे धरणाची पाणीपातळी!

रोहितांखेरीज हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाक आणि नदी सुरय येथे दिसतात. चित्रबलाकांची वीण जवळच्या भादलवाडी तलावावर होते.

या सहलीत एक मोह मात्र टाळायला हवा. उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून काही हौशी मंडळी होडी अगदी जवळ नेण्याचा आग्रह धरतात. प्रत्येक उड्डाणात पक्ष्यांचा चरण्याचा वेळ जातो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्तीही खर्च होते. पक्ष्यांनी खाणे थांबवून माना उंचावल्या, सारे एका दिशेने चालू लागले, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि होडी तेथेच थांबवावी. नावाडी आपल्या आग्रहापुढे नमतो. म्हणून संयम पाहुण्यानेच दाखवायचा.

दुसरा संयम स्वतःच्या जिवासाठी. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. तेव्हा जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये आणि वारा सुटण्याआधी किनारा गाठावा. दुर्बीण सोबत असली, तर दुरूनही रोहित डोळे भरून पाहता येतात.