चुलीचा धूर, हडंब्याची धूळ आणि गरोदर बाई

हवेचं प्रदूषण म्हटलं की वाशिमच्या माणसाला दिल्ली आठवते, फार तर चंद्रपूर. हवा बिघडलेल्या शहरांच्या केंद्राच्या यादीत शेजारचे अकोला आणि अमरावती आहेत, वाशिम नाही. पण ती यादी शहरातल्या उघड्या हवेवरून ठरते. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातली गरोदर बाई दिवसाचे कितीतरी तास स्वयंपाकघरातली आणि शेतातली हवा घेते, आणि तिच्या पोटातल्या बाळाचा संबंध त्या हवेशी आहे.

आपल्याकडचा धूर

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि सिलिंडर गावोगावी पोचला. चूल मात्र विझली नाही. चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत आहे. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात, सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. यात बाईचा हट्ट कुठेच नाही, घरखर्चाचा हिशेब आहे.

पावसाळ्यात सरपण ओलं असतं. मग ती फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकते. फुंकर मारली की छाती रिकामी होते, आणि लगेचचा खोल श्वास चुलीच्या तोंडाशीच घेतला जातो. सातव्या महिन्यातही हे सकाळ-संध्याकाळ चालूच असतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं. मळणीच्या हडंब्यातून उडणाऱ्या कुटारात मातीबरोबर बुरशीचे सूक्ष्म कणही असतात. पुढे धुऱ्यावर काडीकचरा पेटतो, गावाच्या कडेला प्लास्टिकसकट उकिरडा जळतो.

यातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेल्या या कणांना पीएम २.५ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ४०. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा काही शेकड्यांत जातो.

प्रतिकारशक्तीचं काय होतं

गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘कमी होते’ असं सरसकट म्हटलं जातं. खरं तर ती आपली वागणूक बदलते. बाळ निम्मं वडिलांकडून आलेलं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. त्याला सांभाळून घ्यायचं आणि जंतूंशी मात्र लढायचं, असा समतोल तिच्या पेशी नऊ महिने राखतात. गर्भ रुजताना थोडा दाह लागतो, मधले महिने शांत जावे लागतात, प्रसूतीजवळ पुन्हा दाह वाढतो.

धूर नेमका या क्रमात ढवळाढवळ करतो. फुप्फुसातल्या भक्षक पेशी काजळीचे कण गिळतात आणि दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडतात. काजळीने भरलेल्या या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते. त्यातच गरोदर बाईचा दर मिनिटाचा श्वास नेहमीपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त असतो, म्हणजे तेवढा धूरही जास्त आत जातो. फ्लू आणि न्यूमोनिया गरोदरपणात आधीच जास्त त्रास देतात, धुराने त्यांची वाट आणखी सोपी होते. चुलीतला कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. ज्या बाईचं रक्त मुळातच कमी आहे, तिला हा फटका दुप्पट बसतो.

बाळापर्यंत काय पोचतं

वार हा पक्का बांध असतो, असं पूर्वी मानलं जाई. २०१९ साली बेल्जियमच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. त्याआधी, १९९०च्या दशकात, झेक प्रजासत्ताकातल्या टेप्लिस या कोळशाच्या धुराने भरलेल्या भागात आणि तुलनेने स्वच्छ प्राखातिसमध्ये बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं गेलं. जन्माआधीच्या दोन आठवड्यांत हवा जितकी वाईट, तितकं संरक्षक ‘टी’ पेशींचं प्रमाण कमी दिसलं. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडंही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांतच वारेतून जातात.

तमिळनाडूतल्या एका अभ्यासात पीएम २.५ वाढला तसं बाळाचं जन्मवजन थोडं घटलेलं आढळलं. मात्र भारतासह चार देशांत सुमारे ३२०० गरोदर बायांना गॅस आणि शेगडी फुकट देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत बाळाच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०२२ साली आला. तिथे गॅस मिळाला तेव्हा गर्भ नऊ ते वीस आठवड्यांचा होता. म्हणून गॅस आला की बाळ आपोआप गुटगुटीत होईल, असं वचन कोणी देऊ नये. पण त्या बायांच्या श्वासातला धूर खूप घटला, हेही त्याच चाचणीत दिसलं. माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे, आणि चूल गरोदरपणाआधी, लग्न झाल्याबरोबरच सुटली तर उत्तम.

घरात करण्यासारखं

आंघोळीचं पाणी तापवायचं काम गरोदर बाईकडून काढून घ्या. नवरा, दीर, सासरे, कोणीही चूल पेटवू शकतो. चूल अंगणात किंवा पडवीत हलवली तरी धुराचा मोठा भाग टळतो. सरपण पावसाआधी छपराखाली रचून ठेवा. हडंबा चालू असताना तिला वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब बसू द्या. तोंडाला बांधलेला पदर जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही.

एक नाजूक गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची. दारं-खिडक्या लावून, खाटेखाली शेगडी ठेवून, ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची रीत प्रेमापोटीच चालत आली आहे. पण चार दिवसांच्या बाळाचं फुप्फुस तो धूर सोसू शकत नाही, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू जीवही घेऊ शकतो. ऊब हवी तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे डॉक्टरांना आणि आशाताईंना घरात चूल आहे हे आपणहून सांगा, फ्लूच्या लशीबद्दल विचारा आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्या. बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.