चढावरच कळणारे दुखणे

बसल्या जागी ठणठणीत असलेला रुग्ण जिना चढू लागला की त्याच्या छातीत कळ येते आणि थांबला की ती ओसरते. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे अंजायनाचे वर्णन केले, त्यातही चढण चढताना उद्भवणारी व उभे राहताच शमणारी वेदना हीच मुख्य खूण होती. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हे पाठ केले आहे. तरीही स्वतःच्या डिझेल मोटारीबाबत ते आठवण्यासाठी मला बेळगावातील एका वृद्ध मिस्त्रींची गाठ पडावी लागली.

गोव्याहून परतताना केरी मागे टाकून आम्ही चोर्ला घाट चढत होतो. पुढे मालट्रक होता. रस्ता मोकळा दिसताच तो ओलांडण्यासाठी मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. मोटार क्षणभर उसळली आणि ट्रकच्या बरोबरीला येताच एकाएकी गळाठली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि समोरच्या वळणातून बस आली. बसचालकाने वेळीच वेग आवरला, म्हणून मी ट्रकमागे परतू शकलो. पत्नीने बेळगाव येईपर्यंत शब्द काढला नाही. पुढे एका जागी थांबून इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, तर दुखणे नाहीसे झालेले!

दुसऱ्या दिवशी एका कार्यशाळेत मोटारीला स्कॅनर जोडण्यात आला. ‘टर्बोचा दाब अपुरा’ असा संदेश उमटला आणि टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आकडा ऐकून दुसरे मत घेण्याची बुद्धी झाली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. “डॉक्टरसाहेब, उभ्या गाडीचं इंजिन कसं चालतंय? सपाटीवर सावकाश चालवली तर? आणि दम तोडते तेव्हा धूर कसला येतोय?” पहिल्या दोहोंचे उत्तर ‘उत्तम’ असे होते. तिसऱ्याचे उत्तर मागच्या मोटारीत असलेल्या माझ्या पुतण्यामुळे मिळाले. काळा लोट निघाला होता.

“मग डिझेल मिळतंय, हवा मिळत नाही,” ते म्हणाले.

या एका वाक्यात निदानाची अर्धी वाट सरली. जोर पडला असता शक्ती घटली आणि काळा धूर आला, तर हवेच्या मानाने इंधन अधिक पडते आहे. अशा वेळी एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या, उघडी अडकलेली ईजीआर झडप आणि स्वतः टर्बो यांकडे पाहावे. धूर न येताच शक्ती गेली, तर बहुधा इंधन कमी पडते आहे. तेव्हा प्रथम डिझेल फिल्टर आणि त्यात साचलेले पाणी पाहावे. इंजिन मंद फिरताना कॉमन रेलमधील दाब साधारण ३०० बार असतो, पूर्ण भाराखाली तो अनेक इंजिनांत १६०० बारपर्यंत न्यावा लागतो. अर्धवट तुंबलेला फिल्टर पहिली गरज भागवतो आणि दुसरीपुढे हात टेकतो. अपेक्षित दाब मिळत नाही असे दिसताच संगणक इंजिनाच्या रक्षणासाठी शक्ती आवरतो. मोटार बंद करून सुरू केल्यावर ती सुधारते, ती यामुळेच. व्याधी मात्र तशीच असते.

मिस्त्रींनी एअर फिल्टर पाहिला, तो स्वच्छ होता. मग ते टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीवरून बोटे फिरवू लागले. खालच्या अंगाला ताजे तेलकट ओघळ लागले. नळी पिळताच बोटभर चीर उघडली. इंजिन मंद असताना ती मिटलेली राही, टर्बोचा दाब चढला की फाके आणि हवा बाहेर जाई. स्कॅनर खोटे बोलला नव्हता. दाब खरोखरच अपुरा होता. पण त्याने लक्षण सांगितले होते, कारण नव्हे. नवी नळी व दोन क्लिपा यांचा खर्च टर्बोच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आला. त्याच घाटात, वाहतूक नसताना, मोटार पुन्हा चढवून पाहिली. दिवा लागला नाही.

टर्बो कधीच बिघडत नाही असे नव्हे. पण स्वस्त, हाताशी असलेले आणि वारंवार बिघडणारे भाग आधी तपासावेत, हा क्रम मिस्त्रींनी पाळला. आपणही तोच शिकलो आहोत.

मला मात्र त्या रात्री वेगळीच रुखरुख लागली. त्याच आठवड्यात एका मध्यमवयीन शिक्षकांना, विश्रांतीतील ईसीजी निर्दोष आहे म्हणून, पित्ताच्या गोळ्या देऊन मी घरी पाठवले होते. सकाळी त्यांना बोलावून घेतले आणि विचारले, “सर, त्रास नेमका केव्हा होतो?”

“शाळेचा जिना चढताना,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलं नव्हतंत.”

त्याच दुपारी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले.