पाठ तयार आहे, पण वर्गातल्या टीव्हीवर चालेल का?

खुलताबाद तालुक्यातल्या शिक्षकाला स्थानिक इतिहासावर दृकश्राव्य पाठ करायचा तर विषय शोधत हिंडावं लागत नाही. वेरूळची लेणी तालुक्यातच आहेत. खुलताबाद गावात मलिक अंबरची कबर आहे, बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे आहेत, भद्रा मारुतीचं देऊळ आहे. मोबाइलवर चित्रण करायचं, पॉवरपॉइंटमध्ये किंवा एखाद्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचं, आवाज भरायचा. इथवर सगळं सुरळीत होतं. मग पेनड्राइव्ह वर्गातल्या टीव्हीला लावला की आवाज येतो आणि पडदा काळा. घरच्या लॅपटॉपवर हाच व्हिडिओ काल रात्री छान चालला होता.

फाईल खराब असते असं नाही. ज्या सॉफ्टवेअरने ती बाहेर काढली ते नवं असतं, आणि ज्या टीव्हीने ती वाचायची तो आठ-दहा वर्षांपूर्वीचा. म्हणून सॉफ्टवेअरच्या अपडेटचा विचार या दोन्ही टोकांनी करावा लागतो, आणि बहुतेक जण तो एकाच टोकाने करतात.

डब्यावरचं नाव आणि आतला पदार्थ

एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आज सर्वांत जास्त ठिकाणी चालणारा कोडेक म्हणजे २००३ सालचा एच.२६४. त्याच्यानंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आला, २०१८ मध्ये एव्ही१ आला. नवा कोडेक कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र देतो, पण ते उलगडायला यंत्रही नवं लागतं. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत चित्रण करतात, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही ती सोय असते. त्यामुळे दोन फाईलींच्या नावापुढे एमपीफोर असूनही एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही.

एक्सपोर्टच्या खिडकीत काय निवडावं

शाळेसाठी, ग्रामपंचायतीच्या प्रोजेक्टरसाठी किंवा लग्नाच्या पेनड्राइव्हसाठी एमपीफोरच्या डब्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज घ्यावा. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर पहिल्यांदा ही खिडकी नीट वाचावी, कारण आधीची निवड तशीच राहिली असेल असं धरून चालता येत नाही. पॉवरपॉइंटचंच पाहा. २०१० च्या आवृत्तीत व्हिडिओ काढायची सोय आली तेव्हा फाईल डब्ल्यूएमव्ही निघायची. एमपीफोर २०१३ च्या आवृत्तीत आलं. शाळेत अजून २०१० चं ऑफिस असेल तर तिथे काढलेला पाठ काही टीव्हींवर उघडणारच नाही.

त्याहून जुन्या, म्हणजे २००७ च्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ सादरीकरणाच्या आत साठवलाच जात नसे, नुसता जोडलेला असे. अशी फाईल एकटीच पेनड्राइव्हवर नेली की व्हिडिओच्या जागी रिकामी चौकट दिसते. ती उघडायची असेल तर व्हिडिओचा फोल्डरही सोबत न्यावा लागतो.

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती खर्च करायची याचा आकडा. दर सेकंदाला ८ मेगाबिट ठेवलं तर एका मिनिटाला ६० एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या पाठाला ६०० एमबी. ज्यात स्लाइड आणि आवाज एवढंच आहे त्या पाठाला २ मेगाबिट पुरतात. वेरूळच्या कैलास लेण्यावर कॅमेरा सावकाश फिरवला असेल तर मात्र हात आखडू नये. दगडावरचं बारीक कोरीवकाम कमी बिटरेटमध्ये सगळ्यात आधी पुसट होतं.

मोठ्या फाईलींना आणखी एक अट आडवी येते. अनेक पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही. ८ मेगाबिटने सव्वा तासाच्या आतच ही मर्यादा येते. खुलताबादच्या जर जरी जर बक्ष या सूफी संतांच्या उरुसाचं दोन तासांचं चित्रण द्यायचं असेल तर दोन भाग करावेत, नाहीतर बिटरेट उतरवावा.

मोबाइलच्या चित्रणाची खोड

आवाज आणि ओठ सुरुवातीला जुळतात आणि पाठ संपेपर्यंत आवाज मागे-पुढे सरकतो, ही तक्रार नेहमीची. बरेच फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर प्रकाश व कामाच्या ताणानुसार दर सेकंदाच्या चौकटी कमी-जास्त करतात. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र २५ किंवा ३० असा ठरलेला वेग धरून चालतं. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी ठरावीक वेगाची फाईल करून घ्यावी आणि मगच एडिटिंगला बसावं. आवाज हाताने सरकवत बसण्यात रात्र जाते आणि तरी तो जुळत नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर

संगणकावर पाठ रेकॉर्ड करणाऱ्यांनी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही निवडावं. साध्या एमपीफोर फाईलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. त्याआधी वीज गेली की आतलं सगळं असूनही फाईल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो, आणि नंतर ओबीएसमधूनच ती काही क्षणांत एमपीफोर करता येते. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जाही घटत नाही. आपल्याकडच्या विजेचा भरवसा पाहता ही सेटिंग पहिल्याच दिवशी करावी.

जुने मराठी फॉन्ट

श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी अनाकलनीय चिन्हं दिसतात. व्हिडिओ करून टाकला की अक्षरं चित्राचाच भाग होतात आणि कुठेही तशीच दिसतात. व्हिडिओसोबत वेगळ्या फाईलमध्ये देण्याच्या उपशीर्षकांना मात्र हा उपाय लागू नाही. ती युनिकोडमध्येच टाइप करावी लागतात आणि फाईल यूटीएफ-८ म्हणून जतन करावी लागते.

अपडेटचं बटण दाबण्याआधी

नव्या आवृत्तीत काय आलं याच्या जाहिराती होतात, काय काढून टाकलं ते तळटीपेत असतं. वाचायची ती तळटीप. ॲपलने २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइम या आपल्या प्लेअरला वाऱ्यावर सोडलं आणि त्यातल्या सुरक्षेच्या भगदाडांमुळे ते काढून टाका, असा सल्ला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेला द्यावा लागला. पाठोपाठ २०१८ मध्ये ॲडोबीने प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून क्विकटाइमच्या जमान्यातले जुने कोडेक काढले. ज्यांचं जुनं चित्रण त्या स्वरूपात होतं त्यांच्या प्रोजेक्टमधले तुकडे नव्या आवृत्तीत उघडेनासे झाले.

नव्या आवृत्तीत एकदा उघडून जतन केलेला प्रोजेक्ट बहुधा जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून आधी प्रोजेक्टची प्रत काढून ठेवावी. काम अर्धवट असेल, परवा कार्यक्रम असेल, तर अपडेट नको. पण टाळायचं म्हणून वर्षानुवर्षं टाळणंही चुकीचं, कारण व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडमधल्या त्रुटी घुसखोरीसाठी वापरल्या जातात. चोरीची प्रत वापरणाऱ्याला तर सुरक्षेचं अपडेट धड मिळतही नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या कामाला पुरेशी आहेत.

पाहण्याच्या टोकाला

प्लेअर म्हणून संगणकावर व्हीएलसी ठेवावा. तो मोफत आहे आणि बहुतेक कोडेक त्याच्या आतच असतात. इंटरनेटवरून मिळेल तो कोडेकचा गठ्ठा टाकण्याची गरज उरत नाही. ब्राउझरवर मात्र तेवढा विश्वास ठेवू नये. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केले. त्यांच्या जुन्या फाईली ओजीव्ही या मुक्त स्वरूपात होत्या, आत थिओरा कोडेक. मुक्त स्वरूप निवडण्याचा निर्णय तत्त्वाला धरून होता, पण गूगलने २०२४ मध्ये क्रोममधून थिओरा काढून टाकला. उतरवून ठेवलेल्या अशा फाईली व्हीएलसीत चालतात, आणि हँडब्रेकने त्यांचं एमपीफोरही करता येतं.

शिक्षकांसाठीच्या दीक्षा मंचावर एमपीफोर आणि वेबएम हे दोन्ही चालतात. पाठात प्रश्नमंजूषा हवी असेल तर ती व्हिडिओत कोंबू नये. त्यासाठी एचफाइव्हपी हे साधन आहे आणि दीक्षा तेही घेतं.

कपाटातल्या सीडी

फ्लॅशमध्ये बनवलेले पाठ ही सर्वांत नाजूक ठेव आहे. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेअर मजकूर दाखवायलाच नकार देऊ लागला. मल्टिमीडिया सीडींसाठी एकेकाळी गाजलेल्या डायरेक्टर या सॉफ्टवेअरची विक्री त्याआधीच, २०१७ मध्ये, थांबली होती. तरी सगळं गेलेलं नाही. सीडीवर ईएक्सई फाईल असेल तर तिच्या आतच प्लेअर असतो आणि ती बऱ्याचदा अजून चालते. फार जुनी, १६ बिटची असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर चालणार नाही. नुसती एसडब्ल्यूएफ फाईल असेल तर रफल हे मोफत साधन वापरून पाहावं. पाठ पडद्यावर चालला की ओबीएसने तो रेकॉर्ड करता येतो. त्यातली बटणं आणि खेळ जातील, चित्र आणि आवाज राहतील.

शाळेच्या कपाटात अशा सीडी पडून असतील तर हे काम याच सुट्टीत उरका. सीडी ड्राइव्ह असलेला संगणक शाळेत अजून आहे, तोवरच ते होण्यासारखं आहे.