एकच शब्द : इटलीत चढा, स्पेनमध्ये बाहेर पडा!



पाचवीच्या हिंदीच्या पेपरात एका मुलीने 'शिक्षा' या शब्दाचा अर्थ 'मार' असा लिहिला. मी लाल फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला. नंतर वाटलं, चूक नेमकी कुठली ते तिला कळलंच नसणार. असे शब्द सगळ्याच बहीण-भाषांत असतात. युरोपातलं एक उदाहरण मला फार आवडतं.

इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या लॅटिनच्या लेकी. इ. स. ४७६ मध्ये पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य कोसळलं आणि प्रदेशाप्रदेशातली बोली लॅटिन आपापल्या वाटेने गेली.

लॅटिनमध्ये 'सालिरे' म्हणजे उडी मारणे. इटालियनमध्ये शब्द तोच राहिला, अर्थ झाला वर चढणे. जिना चढा, बसमध्ये चढा, सगळीकडे सालिरे. स्पॅनिशमध्ये 'सालिर' म्हणजे बाहेर पडणे. पोर्तुगीजमध्येही बाहेर पडणेच, फक्त मधला 'ल' गळून 'साइर' झालं. स्पेनमध्ये बाहेर जायच्या दारावर 'सालिदा' लिहिलेलं असतं. इटालियनमध्ये 'सालिता' म्हणजे चढण. नवखा इटालियन पाहुणा तिथे जिना शोधत बसेल की नाही? पण दोन्ही अर्थ उडीतूनच आलेत बरं का! उडी वर मारता येते, तशी बाहेरही.

आता फ्रेंच. तिथेही 'सालिर' आहे, रोमन लिपीत स्पॅनिशसारखाच, अक्षर न् अक्षर तेच. अर्थ मात्र मळवणे, घाण करणे! उडीतून मळ कसा आला? आलाच नाही. फ्रेंचमध्ये 'साल' म्हणजे मळका, त्यावरून हे क्रियापद बनलं. आणि 'साल' आला फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून. म्हणजे आधीच्या तिघी सख्ख्या बहिणी, ही नुसती नावाने सारखी शेजारीण.

'बुरो'चंही तसंच. इटलीत लोणी, स्पेनमध्ये गाढव, आणि दोन्हींची मुळं वेगळी.

'शिक्षा' मात्र पहिल्या प्रकारातली. संस्कृतात शिकणे, हिंदीने तो अर्थ ठेवला, मराठीत तो दंडाकडे वळला. त्या मुलीने मराठीतला अर्थ बरोबर लिहिला होता, भाषा तेवढी चुकली. दुसऱ्या दिवशी पेपर परत मागवला आणि फुलीशेजारी लिहिलं, 'मराठीत बरोबर'. आता 'चेष्टा' घेतलाय. मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. मूळ एकच की दोन, ते आधी वर्गालाच विचारणार आहे.