माळ ओलांडून बावड्याला

रोटीचा घाट चढून तुकाराम महाराजांची पालखी उंडवडीच्या माळावर आली की पाऊस मागे राहतो. देहू-पुण्यात अंग भिजवणारे ढग इथेही डोक्यावर असतात, पण ते पुढे निघून जातात आणि खाली नुसता वारा धूळ उडवतो. इथून बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत बावड्यापर्यंतचा सगळा टापू अवर्षणप्रवण. महाबळेश्वर इथून पश्चिमेला जेमतेम दीडशे किलोमीटर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, इकडे कसाबसा पाचशेच्या आसपास. मोसमी वारे सह्याद्री चढतानाच रिते होतात आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडे होतात.

या कोरडेपणानं गावं उठवलेली आहेत. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं ठरवलेला सारा इंदापूरच्या जमिनीला पेलला नाही. शेतकरी वावरं टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. शेवटी 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नवी पाहणी केली, सारा हलका केला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यात पुढे रूढ झालेली जमाबंदीची पद्धत या माळावर घडली. माझ्या मते इंदापूरची ही ओळख शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदलेला हा माळ रिकामा मात्र कधीच नव्हता. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवतात चिंकारा चरतो, लांडगा फिरतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तेही चिंकारासाठीच राखलेलं. पाला, गवत आणि दव यांतल्या ओलाव्यावर हा प्राणी बराच काळ पाण्याशिवाय काढतो. याच गवतावर धनगरांची मेंढरं जगली. काटेवाडीला पालखीच्या रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते म्हणूनच. परीट समाज तिथे धोतरांच्या पायघड्या अंथरतो, आणि मग घुंगरांच्या आवाजात मेंढरांचा कळप रथाला वळसा घालून धावतो. धुळीचा लोट उठतो, तरी माणसं मागे सरत नाहीत.

माणसाला मात्र पाणी लागतं. 1876-77 च्या दुष्काळात इथे हाहाकार झाला आणि दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. भाटघर धरणाचं पाणी कालव्यानं इकडे आलं, 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, आणि शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. तरी कालव्यापासून थोडं आत गेलं की उन्हाळ्यात आजही टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या भेटतात.

इंदापूरचा मुक्काम हलला की विठ्ठलवाडी, वडापुरी, सुरवड, वकील वस्ती आणि मग बावडा. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोन्हींच्या मधल्या निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्यात हे गाव. पट्टा संपतो तिथे, नीरा नरसिंहपूरला, दोन्ही नद्या मिळतात. चालून आलेल्याला बावड्यात पहिल्यांदा पाण्याचा गारवा लागतो. दारादारांत पिंप भरून ठेवलेली असतात, “माउली, पाणी घ्या” म्हणत पोरं तांब्या पुढे करतात, कोणी पिठलं-भाकरी वाढतं, कोणी सुजलेल्या पायांना तेल लावून देतं. घेणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. पुढे सराटीला पादुकांना नीरास्नान घडतं आणि नदी ओलांडून सोहळा अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात शिरतो.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून चालणाऱ्याला पाणी पाजणं हा या पट्ट्यातल्या गावांचा धर्म आहे, आणि ज्यांच्याकडे पाणीच कमी त्यांनी तो पाळला, याचं मला फार मोल वाटतं.

आता या वाटेवर पालखी महामार्ग, क्रमांक 965 जी, झाला आहे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी त्याची पायाभरणी झाली, चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट आखली गेली. ती वाट सावलीची झाली पाहिजे. वड, पिंपळ, लिंब लावून ते जगवले पाहिजेत, आणि पाण्याची सोय आषाढाच्या चार दिवसांपुरती न ठेवता बारमाही केली पाहिजे. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं आणि मेंढरांमागे जाणारे धनगरही याच रस्त्यानं चालतात. तुम्ही गाडीनं अकलूजकडे निघालात तर बावड्यात थांबा, आणि गाडीतलं पिण्याचं पाणी पुढच्या वाटेवर चालणाऱ्या कुणाला तरी विचारा.